आजोबांची सात वर्षं

४ जून
मुदतीआधीच निवृत्ती घेतली ती उगाच नाही. आजोबांवर पुस्तक! सरकारविरुद्ध बोलला म्हणून सात वर्षं तुरुंगात काढलेला माणूस, आणि घरात त्याचा साधा फोटो नाही. सहा महिन्यांत तीनशे पानं. रोज दीड, रविवारी तीन. बायको म्हणाली, आधी गळका नळ बघा.

९ जून, सकाळी ११
सरकारी अभिलेखागार. तुरुंगाच्या जुन्या नोंदी इथेच ठेवतात. तिथल्या बाईंनी पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली. अर्जात ‘संशोधनाचा उद्देश’ समोर मी ‘राष्ट्रकार्य’ लिहिलं. बाईंनी खोडून ‘कौटुंबिक’ केलं. सरकारी खाक्या. दुर्लक्ष.

१७ जून
राजकीय कैद्यांची तिन्ही रजिस्टरं पालथी घातली. शिंकून शिंकून बेजार. आजोबा नाहीत. म्हणजे सरकारनं घाबरून नावच गाळलं! पहिलं प्रकरण यावरच. (पानं आजवर: शून्य. पण डोक्यात तयार आहेत.)

२५ जून
सापडले! सुटकेच्या रजिस्टरात. नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं जुळतं. उंची पाच फूट तीन. घरी सगळे सहा फूट सांगतात. मोजपट्टीत खोट असणार. आत जाताना वजन एकशे आठ पौंड, सुटताना एकशे एकवीस. काय ते मनोधैर्य! बाई म्हणाल्या, हे साध्या कैद्यांचं रजिस्टर आहे. म्हटलं, मुद्दाम साध्यांत टाकलं. बाईंनी दाखल कैद्यांच्या रजिस्टरासाठी नवा अर्ज पुढे सरकवला.

२ जुलै, दुपारी
दाखल कैद्यांचं रजिस्टर मिळालं. गुन्ह्याच्या रकान्यात: ‘पत्नीस मारहाण, त्यात मृत्यू.’
कारकुनाची चूक. ओळ सरकली असणार.
वरचा सायकलचोर. खालचाही सायकलचोर.

३ जुलै
लिहिलं नाही. डोकं दुखतंय. धूळ.
माझी आजी म्हणजे आजोबांची दुसरी बायको, सुटकेनंतरची. पहिली तापानं गेली असं ऐकून होतो. आत्या तिची मुलगी. तेव्हा सहा वर्षांची, आता एक्क्याण्णव.

६ जुलै
निर्णय. आत्याकडून ‘ही नोंद खोटी आहे’ असं लेखी घ्यायचं. तळटीप होईल, विषय मिटेल. बायको म्हणाली, त्यांना आता तरी सुखानं बसू द्या. मी म्हटलं, इतिहासाला नातीगोती नसतात. (वाक्य चांगलं झालं. प्रस्तावनेत घ्यावं.)

८ जुलै
आत्याला दिसत नाही. झेरॉक्स मांडीवर ठेवून मीच वाचून दाखवली. मग ती ‘खोटं’ म्हणेल म्हणून थांबलो.
ती म्हणाली, मी खाटेखालीच होते की रे.
कोर्टात तिला स्टुलावर उभं केलं होतं, न्यायाधीशांना दिसावी म्हणून. सगळं सांगितलंस का, मी विचारलं. म्हणाली, विचारलं तेवढं सांगितलं. सात वर्षांनी आजोबा तिला मामाकडून घेऊन आले. ती आली. कुठे जाणार होती? लग्न होईपर्यंत रोज त्यांना जेवायला वाढलं.
मग तिनं विचारलं, त्या कागदात आईचं नाव आहे का?
उलटसुलट करून पाहिलं. नुसतं ‘पत्नी’.
आत्यानं नाव सांगितलं. माझा हात घट्ट धरून पुन्हा एकदा सांगितलं. मी म्हटलं, पुस्तकाच्या पहिल्या पानावर घालतो.

९ जुलै
सकाळपासून ते नाव आठवतोय. तीन अक्षरी होतं. की चार.
आत्याला परत विचारायचं कुठल्या तोंडानं?