साहेबांचा गोल बर्फ

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार (खुर्चीत बसून बसून कंबर धरलीये, तेव्हा आठांतलं एक अंग तूर्त वजा धरावं). तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर माझं डोकं फिरलंय, आणि घरात ऐकून घ्यायला कुणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला हे पत्र.

तुम्ही मागे विचारलं होतंत, की तू नेमकं करतोस तरी काय? (आई शेजारीपाजारी सांगते की मी पावसाचं बघतो. परवा खालच्या मजल्यावरच्या बाई गाद्या वाळत घालू का, असं विचारायला आल्या होत्या.) तर मामा, खूप उंचावर कापूस पिंजल्यासारखे पातळ ढग असतात, ते पाण्याचे नसून बर्फाच्या बारीक कणांचे असतात. तापलेली जमीन वर उष्णता सोडते, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण. त्यातले काही हे कण गिळतात, काही इकडेतिकडे उधळतात, उरलेले निसटून जातात. किती गिळले, किती उधळले याचं गणित संगणकावर मांडायचं आणि उपग्रहाने वरून मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहायचं, ही माझी नोकरी. आता बर्फाचा कण म्हणजे सहा बाजूंचा खांब, नाहीतर चकती, नाहीतर काहीतरी मोडकंतोडकं. पण आमच्या साहेबांनी उभी हयात तो गोल धरला. का? तर गोलाचं गणित सोपं! वर म्हणतात, जुळतंय ना? जुळणारच की! ढगात बर्फ किती, तो आकडाच ते जुळेपर्यंत खालीवर करत बसतात.

मी चार वर्षं घासून कणांचे खरे आकार घातले. बर्फाचा आकडा विमानाने ढगात शिरून मोजलेला तोच ठेवला, त्याला हात लावला नाही. आणि माझं गणित साहेबांपेक्षा वाईट जुळलं! कारणही सापडलं: ढगाची उंचीच मुळात चुकीची धरलेली होती, आणि गोल कणांची चूक त्या चुकीवर पांघरूण घालत होती. मी पांघरूण ओढलं आणि उघडा मीच पडलो.

गेल्या सोमवारी बैठक झाली. माझी नोकरी कायम करायची की महिनाअखेर नारळ द्यायचा, हे तिथेच ठरायचं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून, सहा बाजूंची पेन्सिल हातात धरून उभा राहिलो आणि म्हटलं, बर्फाचा कण असा असतो. साहेबांनी ती पेन्सिल शिपायाच्या हातात देऊन त्याला खोलीच्या पार टोकाला उभं केलं आणि सगळ्यांना म्हणाले, "आता कोपरे मोजा बरं." कुणाला मोजता येईनात. "ढग तर याहून लांब असतात!" अख्खी खोली हसली, मामा! शिकलेसवरलेले लोक! शेजारी बसलेला होयबा (ज्याला गणित मीच शिकवलं) टेबलावर थाप मारून हसला. कोपरे उपग्रहाला दिसायचे नसतात, किरण त्यांना आपटतात, हे मी ओरडून सांगेपर्यंत चहा आला. चहा आला की आमच्याकडे विज्ञान संपतं. मला इतकं लागलं की जिन्यात जाऊन रडलो. चाळिशी उलटलेला माणूस, माझीच मला लाज वाटली.

बायको म्हणते, गोल तर गोल, तुझ्या बापाचं काय जातं? पोरीची शाळा पुन्हा बदलायची का? ती चुकीचं बोलत नाही, म्हणून तर जास्त राग येतो.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, मधल्यांनी आपापलं बघावं.

तुमचा,
शिकून वाया गेलेला भाचा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. तुमच्या बर्फाच्या कारखान्यात देखरेखीची जागा रिकामी आहे, असं मामी फोनवर आईला म्हणाल्या. ती माझ्यासाठी ठेवाल का? तुमच्या लाद्या चौकोनी असतात, आणि त्यांना गोल म्हणा असं एकही गिऱ्हाईक सांगत नाही. मन लावून काम करीन.

ता. क. २. जागा दुसऱ्या कुणाला दिलीत तरी चालेल. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात साहेबांचा फोन आला. नोकरी कायम होईल, फक्त अहवालात कण गोल करून द्या म्हणाले. मी 'बरं' म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो, की त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. घरात सगळे खूश आहेत. हे पत्र वाचून फाडून टाका, आणि फोनवर आईशी बोलाल तेव्हा माझं अभिनंदन करा.