नसलेल्या होडीचे हप्ते

नवापूर, रविवार, दिवेलागण

आज मान खाली गेली. बोईसरच्या कंपनीतला माझा जोडीदार गणपत सुकट न्यायला घरी आला आणि हिला म्हणाला, "वैनी, होडी दाखवा की! दादाचा अर्धा पगार तिच्या हप्त्यात जातो."

होडी कुठली? हप्ता हिच्या मास्तरकीच्या शिक्षणाचा. हिला अजून नोकरी नाही, म्हणून माझ्या एकट्याच्या पगारातून भरतो. होडीची थाप माझीच.

ही शांतपणे म्हणाली, "दर्यावर गेलीय, भावजी."

तो गेल्यावर म्हटलं, "उद्या त्याला खरं सांगतो."

"आधी मला सांगा, लाज कसली वाटली?"

मी चौथीत शाळा सोडलेला. बायको पुढे गेली हे चारचौघांत बोलायला जीभ रेटली नाही. एवढंसुद्धा तिला सांगता आलं नाही. नुसता सुकट निवडत बसलो.