मिरीएवढी गोळी

मिस्त्री, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज चिडून तुम्हालाच लिहायला बसलो आहे. कोराडीच्या वर्कशॉपात शाफ्टला निळा रंग लावून, बेअरिंगवर तो जिथे उमटेल ते उंच राहिलेले ठिपके खरवडून काढायला तुम्ही मला शिकवलंत. मी झालं म्हटलं की तुम्ही त्यावरून नख फिरवायचात. “माह्या नखाले समजून राहिलं, तुले काहून नाही समजत गा?” माझ्यासारख्या आठवी नापास माणसाला तेवढी एकच विद्या आली. दोष दिसला की घासायचा.

माझी नात अणू जुळवून ऊर्जा काढायच्या कामात आहे. मिरीएवढी पोकळ गोळी, आत गोठवलेला हायड्रोजन, चारी बाजूंनी लेसरचा मारा. कवचाचा वरचा थर जळून बाहेर उडतो आणि उरलेलं आत दाबलं जातं. पण कवचावर जरा उंचवटा असला तर दाबताना तो वाढत जातो, कवचाचा माल इंधनात शिरतो आणि ते पेटायच्या आधीच थंड होतं. परवा सक्करदऱ्याला, आमच्या स्वयंपाकघरात, ती मला हे सांगते आहे, तिची पोळी गार होते आहे, आणि मी मध्येच बोलतो, “मंग घासा न वं नीट.”

“घासून आरसा केला, आबाजी. पण इंधन भराले केसाहून बारीक नळी तर लागतेच न जी. तिथून सुरू होते सगळं.” म्हणून ती लेसरचा पहिलाच ठोका जोरदार ठेवून पाहते. कवच भराभर जळतं, उंचवट्यांना वाढायला वेळ मिळत नाही. गोळी मात्र थोडी कमी दाबली जाते.

मला ती कामचोरी वाटली. “जोर लावून चूक झाकून राहिली तू. आमच्या मिस्त्रीनं हाकलून देल्लं असतं तुले.” ती हसली नाही. “तीन वर्षं हेच करून राहिली मी,” म्हणाली आणि ताट उचललं. एरवी कामाच्या गावी परत पोहोचली की मला फोन करते. काल तिच्या बापाला केला.

मिस्त्री, तुमचाही राग येतो. घासून न जाणारा दोषही असतो, त्याच्यासकट काम चालवावं लागतं, हे तुम्ही कधी सांगितलं नाही. सकाळपासून तीनदा तिचा नंबर काढला आणि न लावताच फोन ठेवून दिला. ती विचारेल, आबाजी, तुम्हाला समजलं तरी होतं का? तेव्हा नव्हतं समजलं. ती गेल्यावर एकटा बसून मनात पुन्हा मांडलं, तेव्हा थोडं समजलं. तुम्ही उलटून काही विचारणार नाही, म्हणून हे तुम्हाला लिहितो आहे.