तिरपी धरलेली काठी

बर्ल फ्लॅट, कॅलिफोर्निया
१२ सप्टेंबर १९९४

प्रिय मर्ल,

माझं अक्षर ओळखून न फोडताच फेकशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता एइनोकडून लिहून घेतलाय. आता फोडलंच आहेस तर वाच. मी बरी आहे. गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे. तू, जोआन, पोरं मजेत असाल.

झाडही मजेत आहे. यंदा उन्हाळाभर बुंध्यातल्या बोगद्यातून जायला गाड्यांची रीघ होती. काल एक गृहस्थ चाकांवरचं अख्खं घरच घेऊन आला. बोगद्याच्या रुंदीएवढी बाबांची काठी त्याच्या गाडीला आडवी लावली. काठी कमी पडली. म्हटलं, "नाही जायची."

"बाई, नीट मोजा ना जरा!"

"झाडाचं भोक एवढंच आहे दादा, मी काय करू? फोटो काढा नि वळसा घालून जा."

आतून त्याची बायको ओरडली, "एवढी मोठी नको, मी दुकानातच सांगत होते यांना!" तिला मी ब्लॅकबेरी पायचा तुकडा फुकट दिला.

एइनो कोण, ते सांगायचं राहिलंच. लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा, तो फिनिश माणूस. तुला आठवेल, तीन शब्दांत वर्ष काढायचा. गिरणी बंद झाल्यापासून तो आपल्या तिकीटखिडकीपाशी येऊन बसतो. आधी कॉफीसाठी यायचा, मग छप्पर गळतंय म्हणून. आता छप्पर गळत नाही, तरी येतो.

"रो, मुद्द्यावर ये," असं म्हणत असशील. येते बाबा, येते. अकरा वर्षं लागली, अजून चार ओळी लागू देत.

बाबा म्हणाले होते, मला शेवटचं झाडातून न्या. तू साक्रामेंटोहून ती लांबलचक काळी गाडी आणलीस, पांढरे हातमोजे घातलेल्या ड्रायव्हरसकट. सगळ्या गावासमोर मी तिला काठी लावली आणि म्हटलं, जात नाही. मग चौघांनी शवपेटी उचलून आपल्या पिकअपमध्ये ठेवली, कुत्र्याच्या घोंगडीवर. पिकअप मी चालवली. तू कुंपणाबाहेर उभा राहिलास, जेवायलाही थांबला नाहीस. लोक हसले तुला. मी पाहिलं ते.

मर्ल, ती गाडी जात होती.

सकाळी तो ड्रायव्हर कॉफी पीत होता तेव्हा मी गुपचूप मोजून आले होते. दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरत होती. मग सगळ्यांसमोर मी काठी तिरपी धरली. तिरपी धरली की काठी आखूड पडते, हे मला बाबांनीच शिकवलं होतं, उर्मट गिऱ्हाइकांसाठी. तू उर्मट नव्हतास. तू आपल्या परीने त्यांचा मान राखायला आला होतास. पण सव्वीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून तिकिटं फाडली रे, आणि शेवटच्या फेरीला त्यांना हातमोजेवाल्याच्या हवाली करायचं? मला जमलं नाही. मला त्यांना स्वतः न्यायचं होतं. तसं सरळ सांगितलं असतं तर तू नेऊ दिलं असतंस, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी नाही सांगितलं. चुकलं माझं.

आता गंमत ऐक. झाड आतून भरत चाललंय. बोगद्याच्या दोन्ही कडांची साल फुगून आत आलीय. गेल्या आठवड्यात मी आणि एइनोने मापं घेतली, तर बाबांची काठी दोन इंच कापावी लागली. म्हणजे आज ती काळी गाडी खरंच जायची नाही! माझं खोटं झाडाने खरं करून दाखवलं. एइनोला सगळं सांगितलं तर तो हसून हसून खुर्चीतून पडला. मला काही हसू आलं नाही. त्याच दिवशी ठरवलं, तुला लिहायचं.

आणि हो, एइनोशी मी लग्न करतेय. पंधरा ऑक्टोबर, शनिवार. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघ्याला बाशिंग म्हणशील, म्हण! मी सुखात आहे मर्ल, कुणाची नजर न लागो.

आपल्या घरातली नवरी झाडातून जाते, गाडीचे आरसे मिटून, आत तीन हॉर्न वाजवून. बाप नेतो, बाप नसेल तर भाऊ. किती नवऱ्या मी तिकीट फाडून आत सोडल्या, माझा नंबर कधी लागलाच नाही. एइनो म्हणतो, "मी नेतो की." म्हटलं, "नवरदेवाने पलीकडे उभं राहायचं असतं, गप बस."

"आणि मर्ल नाहीच आला तर?"

"तर चालत जाईन. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसणार नाही."

पिकअप अजून चालते, किल्ली त्याच खिळ्याला आहे. तुझी गाडी आणलीस तरी चालेल. फक्त मापायची काठी या वेळी तू धर.

सकाळी अकराला झाडाच्या अलीकडे उभी असेन.

तुझी खोटारडी बहीण,
रो