मोचीमारू ६ : सक्रिय विचाराधीन

४ मे, रविवार. वसुंधरा, गाझियाबाद. सकाळी ११.
आजपासून रोजनिशी. होशिगामे कंपनी पुन्हा जगात एक नंबर कशी झाली, याची नोंद कुठेतरी असायला हवी. जपानमध्ये ठेवतीलच, पण आपलीही असावी.

पार्श्वभूमी. (फाइलला असते, मग डायरीला का नको?) होशिगामे ही व्हिडिओ गेम बनवणारी जपानी कंपनी. लोक ‘होशी गेम’ म्हणतात. अडाणी आहेत. त्यांचा हीरो मोचीमारू. तांदळाचा पांढरा गोळा, कमरेला लाल पट्टा, गडगडत जातो आणि जग वाचवतो. देविका त्याला मोदक म्हणते. बायको चांगली आहे माझी, पण या विषयात तिला गती नाही.

इशिता पाच वर्षांची होती तेव्हापासून आम्ही बापलेक मोचीमारू खेळतो. म्हणजे खेळायचो. पाचवा भाग संपवला त्याला नऊ वर्षं झाली. आता ती सतरा वर्षांची घोडी झालीय आणि २ ऑगस्टला डिझाइन शिकायला पुण्याला चाललीय. त्याआधी सहावा भाग येणार आणि आम्ही दोघं तो संपवणार. पहिला कंट्रोलर मी, दुसरा ती. ठरलं म्हणजे ठरलं!

दुपारी २. इशिताने टायटनबॉक्स मागितला. टायटनबॉक्स! शत्रूचं यंत्र! बाबा, यार, सगळ्यांकडे आहे, म्हणाली. मी भांडलो नाही. ऑफिस ऑर्डर काढली: ‘या घरात प्रतिस्पर्धी कंपनीचं कोणतंही उपकरण आणता येणार नाही. आदेश तत्काळ लागू.’ सही, तारीख, फ्रिजवर. संध्याकाळी ७. देविकाने त्याच चुंबकाखाली दूधवाल्याचा नंबर लावला. अर्धी ऑर्डर झाकली. पण अंमलात आहे.

७ मे, बुधवार.
होशिगामेला पत्र पाठवलं. चौदा परिच्छेद. नोकरीला वीस वर्षं झाली, पण दिल्लीच्या आमच्या मंत्रालयात फाइलवर माझ्यासारखी नोटिंग अजून कोणी करत नाही. परिच्छेद ३: नवा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, काढावा. परिच्छेद ६: टायटनबॉक्स दिवाळीपर्यंत बुडेल, घाबरू नये. परिच्छेद ९: मोचीमारूचा पट्टा लालच ठेवावा. परिच्छेद १३: सहावा भाग जुलैअखेर यावा, कारण मुलीला २ ऑगस्टला जायचं आहे. शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’, इंग्रजीत. कंपनीच्या वेबसाइटवर पत्ता नव्हता, ‘आमच्याशी बोला’ नावाचा चौकोन होता. पाच परिच्छेदांत चौकोन भरला. म्हणून तीन हप्त्यांत सबमिट केलं.

१५ मे, गुरुवार. सकाळी १०.२०, ऑफिस.
उत्तर आलं!!! जपानहून! ‘आपली मौल्यवान सूचना सक्रिय विचाराधीन आहे.’ अंडर अॅक्टिव्ह कन्सिडरेशन! नुसतं कन्सिडरेशन नाही, अॅक्टिव्ह! खुर्चीतून उठून गॅलरीत जाऊन आलो.

शेजारच्या टेबलावरच्या अंबादासला दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, यतीनजी, हे तर आपण रोज लिहितो. कालच तुम्ही लखनौच्या त्या पेन्शनवाल्या म्हाताऱ्याला हेच पाठवलंत. चौथ्यांदा.

त्याला काय समजावणार! आपल्याकडे ती भाषा आहे, जपानमध्ये शब्दाला किंमत असते. तिथे गाडी वीस सेकंद लवकर निघाली तरी माफी मागतात. अंबादासने परभणी आणि दिल्ली सोडून काही पाहिलेलं नाही.

(म्हाताऱ्याची फाइल बघितली पाहिजे. पुढच्या आठवड्यात.)

२४ मे, शनिवार. ४४ डिग्री.
करोल बागेत गेलो, दुसऱ्या कंट्रोलरचं जंप बटण अडकतंय. तीन दुकानांनी हात लावला नाही. चौथ्याने आमचा कन्सोल उलटासुलटा केला, पोराला हाक मारून दाखवला आणि विचारलं, अंकलजी, ये चलता भी है? मग म्हणे टायटनबॉक्स घ्या, पार्ट तरी मिळतील. विकला गेलेला माणूस. पण बटण केलं बिचाऱ्याने. दाबलं की कुरकुरतं, पण दबतं.

घरी येऊन इशिताला सांगितलं, तुझा कंट्रोलर तयार. नाइस बाबा, म्हणाली आणि वैभवीकडे गेली. ही वैभवी इंदिरापुरमला राहते. कॉलेजचे फॉर्म भरायला दोघी एकत्र बसतात. रोज चार-चार तास. शाबास! उजव्या अंगठ्याला घट्टा पडलाय पोरीच्या. एवढं लिहितात फॉर्मांत?

११ जून, बुधवार.
रिमाइंडर-१ पाठवला. उत्तर तेच, शब्दशः. म्हणजे भूमिका ठाम आहे.

२० जून, शुक्रवार. संध्याकाळी ६.
आज होशिगामेचं थेट प्रक्षेपण! कुर्ता घातला. देविकाने पोहे केले. इशिताला थांबवून घेतलं, ती मोबाइलवर होती पण शरीराने सोफ्यावर होती.

६.५०. दहाच मिनिटांत संपलं. अध्यक्ष खोल वाकले, म्हणाले, तीस वर्षांच्या प्रेमाबद्दल आभार, मोठी घोषणा पुढच्या महिन्यात. मी टाळ्या वाजवल्या. तीस वर्षांचे आभार कोण मानतं? ज्याला पुढची तीस वर्षं दिसतात तोच! देविका म्हणाली, अहो, हे रिटायरमेंटच्या भाषणासारखं वाटलं. ती शिकवते त्या शाळेत दर वर्षी दोन-तीन होतात, म्हणून तिला तसं दिसतं.

२१ ते ३१ जुलै अर्जित रजा टाकली. कारण: घरगुती काम.

१२ जुलै, शनिवार.
घोषणा झाली.

नीट लिहितो. होशिगामे यापुढे कन्सोल बनवणार नाही. मोचीमारूचा सहावा भाग २५ जुलैला येतोय. टायटनबॉक्सवर.

दुपारी ४. आडवा पडून विचार केला.

४.३०. समजलं! हा गनिमी कावा आहे! शत्रूच्या गोटात मोचीमारू घुसवायचा आणि आतून किल्ला घ्यायचा. काय डोकं आहे! धावत जाऊन इशिताला सांगितलं. ती म्हणाली, कोणता कहवा? काश्मिरी? दिल्लीत पोरं वाढवण्याचे परिणाम. पण महत्त्वाचं बघा: तारीख २५ जुलै. परिच्छेद १३ मंजूर! शब्दशः मंजूर! अंबादासला फोन लावला. त्याने अभिनंदन केलं, पण आवाजात जळफळाट होता.

१३ जुलै, रविवार.
फ्रिजवर नवी ऑर्डर: ‘दि. ४ मे च्या आदेशात अंशतः बदल करून एका उपकरणास एकवेळची विशेष बाब म्हणून परवानगी.’ देविकाने वाचलं आणि हसत हसत खुर्चीत बसली. बराच वेळ उठली नाही.

२५ जुलै, शुक्रवार.
टायटनबॉक्स कुठेच नाही. मोचीमारूमुळे सगळा माल संपला. बघा ताकद! आता सोमवारी येतील. सात दिवस उरलेत, तरी अडचण नाही. इशिता सकाळपासून वैभवीकडे. हॉस्टेलचे फॉर्म.

२७ जुलै, रविवार.
इशिता आज रात्रीही वैभवीकडेच राहणार. देविकाला म्हटलं, आपल्या वेळी एका पानाचा फॉर्म असायचा. देविका भाजी निवडत राहिली.

२९ जुलै, मंगळवार.
आला!!! काल संध्याकाळी आणला, आज सकाळी जोडला. इशिताने तिचं खातं टाकून दोन मिनिटांत चालू केला. मी माहितीपुस्तिकेच्या पान दोनवर होतो. मग आम्ही दोघं सोफ्यावर, मध्ये चिवड्याचा डबा. पट्टा लाल आहे! परिच्छेद ९! डोळ्यांत पाणी आलं, चिवड्यातल्या मिरचीमुळे असेल.

दुसऱ्या पुलावर मी अकरा वेळा पडलो. इशिताही पडली, माझ्यामागोमाग. आईशप्पथ बाबा, किती कठीण आहे, असं ओरडली. बाराव्या वेळी म्हणाली, इथे थांबून बघू या का, कदाचित खालून फळी येत असेल. आणि आली फळी! कुठून सुचतं हिला? रक्त माझं आहे.

३१ जुलै, गुरुवार.
तीन दिवसांत चार प्रदेश! काय खेळलोय! इशिताने गुप्त दार अंदाजाने शोधलं. मधमाश्यांची राणी आली तेव्हा तिने किंकाळी फोडली, मी तिला म्हटलं घाबरू नकोस, बाबा आहे. राणी कुठल्या बाजूने येईल हेही पोरीने आधीच सांगितलं होतं. वीस वर्षांत इतका आनंद झाला नसेल. देविका दोनदा दारात येऊन उभी राहिली आणि गेली. बॅगा भरायच्या राहिल्यात. शेवटचे दोन प्रदेश दिवाळीत, इशिता आली की.

२ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी ७.
इशिताला निजामुद्दीनला गाडीत बसवून आलो. रडलो नाही. परत येताना मेट्रोत रडलो.

घरी आल्यावर टायटनबॉक्स लावला. म्हटलं, जरा सराव करून ठेवू. इशिताचं खातं तसंच चालू होतं. वरच्या कोपऱ्यात तिचं नाव, त्याखाली चकतीएवढा सोनेरी मोचीमारू. त्याच्यावर बटण दाबलं. सहाही प्रदेश पूर्ण, शंभर टक्के. जोडीदार: वैभवी. तारीख २७ जुलै. खातं इशिताचं, यंत्र वैभवीकडचं.

आम्ही २९ला सुरू केला होता.

म्हणजे दुसऱ्या पुलावर अकरा वेळा ती मुद्दाम पडली. फळी तिला माहीत होती. राणी माहीत होती. किंकाळी फोडली ती माझ्यासाठी. आणि मी तिला सांगत होतो, घाबरू नकोस.

देविकाला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, हो. इशिताने शपथ घातली होती, बाबांना कळू द्यायचं नाही.

७.४०. नवा खेळ सुरू केला, माझ्या नावाने.

९.१५. देविका जेवायला बोलवायला आली. मोदक पोचला का, म्हणून विचारलं. पोचतोय, म्हटलं. तासाभरापासून दुसऱ्या पुलावर आहे. फळी येते, पण ती आल्यावर कोणत्या बाजूला उडी मारायची, ते इशिताच सांगायची.