फाइलीवरचा ‘एस’

रवि., ८ फेब्रु. २००९
शाळेत आज ब्लेसिंग आली. नायजेरियाची, आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहते. बरोबर आणखी पाच जणी, सगळ्या आफ्रिकन, आमच्याच शाळेतल्या मुलांच्या आया. ॲडमिशन काउंटरवर मीच. पत्र दिलं: आमची चौदा मुलं इंग्लिश सपोर्टच्या वर्गात का? घरी इंग्लिशच बोलतात. कुठल्या टेस्टवरून ठरवलंत? पेपर दाखवा. कोणाचाही आवाज चढला नाही.

सोम., ९
टेस्ट कुठली डोंबलाची! फाइलीच्या कोपऱ्यात पेन्सिलने ‘एस’ लिहिते ती मी. एस म्हणजे सपोर्ट. रुजू झाले तेव्हा आधीच्या बाईंनी बजावलं होतं, “आफ्रिकन पासपोर्ट दिसला की एस. विचारत बसू नकोस.” नाही विचारलं. दोन वर्षं. ब्लेसिंगची मुलगी अडा लिफ्टमध्ये जाडजूड पुस्तक वाचत उभी असते आणि वर्गात चित्राखाली ‘बॉल’ लिहिते. तेव्हा बाकीच्यांचं सायन्स चालू. सायन्स बुडालं की सहावीला वरची तुकडी नाही. लाज वाटते.

बुध., ११
प्रिन्सिपॉल मॅडम: “पेपर्स कहीं होंगे, ढूँढो.” मग जरा थांबून, “नहीं मिले तो बनवा लो. पुरानी डेट डालके.”
नवरा अवि तिकडे मुसफ्फाच्या इंडस्ट्रियल एरियात, कंपनीच्या कॅम्पवर, निम्म्या पगारावर. मंदी गल्फमध्येही पोचलीय; त्याच्या कंपनीतलं रोज कोणी ना कोणी इंडियाला परत. माझी नोकरी गेली तर आम्हीही...

शुक्र., १३
अवि घरी. सगळं सांगितलं. “त्या लोकांच्या भानगडीत तू कशाला पडतेस?” म्हटलं, भानगड माझीच आहे. कडाक्याचं भांडण. पिठलं करपलं. लेकीला, ईशाला, दूधभात दिला; करपलेलं आम्ही दोघांनी खाल्लं. निघताना दारात म्हणाला, “खोटे पेपर मात्र नको करूस हं.” एवढंच हवं होतं मला.

रवि., १५
मीटिंग. आया, मॅडम, शाळेचे अरब मालक. मॅडम म्हणाल्या, पेपर शोधणं चालू आहे. मी उभीच राहिले. “पेपर नाहीत. टेस्ट कधी झालीच नाही. पासपोर्ट बघून मी लिहीत होते.” मॅडम पाणी प्यायल्या. ब्लेसिंग म्हणाली, “गुड. नाऊ टेस्ट एव्हरीबडी. सेम पेपर.” मालकांनी फाइल मिटली. “खलास,” म्हणजे पुरे झालं, “सगळ्यांची घ्या.”
घरी येऊन कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

गुरु., २६
निकाल. चौदातली बारा सपोर्टमधून बाहेर! अडा अख्ख्या पाचवीत पहिली. बाथरूममध्ये जाऊन एकटीच हसले. मॅडम माझ्याशी बोलत नाहीत, बोलेनात का!
लिफ्टमध्ये ब्लेसिंगला सॉरी म्हटलं. “सॉरी इज गुड. पण दोन वर्षांचं सायन्स कोण देणार?” दर शनिवारी तिच्या घरी आया मुलांना शिकवतात. म्हटलं, मी बी.एस्सी., येऊ का? “कम. मुलं ठरवतील ठेवायचं की नाही.”

शनि., २८
ठेवलं. अडाने दोनदा चूक काढली माझी.

रवि., १ मार्च
टेस्ट सगळ्यांची म्हणजे याच शाळेतल्या आमच्या ईशाचीही. आली ती ठाण्याच्या मराठी शाळेतून, तरी तिच्या फाइलीवर मी एस लिहिला नव्हता. आपली पोर, करेल मॅनेज! आज निकाल हातात आला: सपोर्ट. पहिला विचार काय, तर तपासणाऱ्याची चूक असेल. मीही अशी!
भीतभीत ईशाला सांगितलं. “सुटले! आई, मला वर्गातलं अर्धं कळतच नाही. पण मला या शाळेत घातलं म्हणून तू एवढी खूश होतीस, मग नाही सांगितलं.” जवळ घेतलं तिला आणि रडले. खूप हलकं वाटलं, तिलाही.
संमतीचा फॉर्म अजून कोराच. सपोर्टला बसली की तिचंही सायन्स बुडणार. तो तास सायन्सच्याच वेळी का, म्हणून ब्लेसिंग आणि बाकीच्या दुसरं पत्र लिहितायत. उद्या ब्लेसिंगला विचारते, त्या पत्रावर माझीही सही चालेल का.