काट्याचं उघडं पोर्ट

सोमवार, संध्याकाळ. मेहकर.

सलीमचाचाचा दात अजून वजनकाट्याच्या खोलीत पडला हाय. सरकी काढायच्या जिनिंगवर बीटी कापूस वजनात कमी भरला म्हणून लोकायनं काटा करणाऱ्या चाचालेच तुडवलं. "मी काय केलं, भाऊ?" एवढंच तो म्हणत राह्यला. काऊन त्यालेच?

इथले कॉम्प्युटर मीच पाहतो. मग मी पायथनमधी छोटा स्कॅनर लिहिला. काट्याच्या कॉम्प्युटरचं एकेक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत शिरायचं दार, ठोकून पाह्यलं. एक उघडं निघालं. त्याले कोण जोडलेलं हाय, ते पाह्यलं, तर मालकाच्या केबिनचा कॉम्प्युटर. वजन तिथूनच बदलत होतं.

मागं मालक उभा. माही मान दाबून म्हणला, "पुसून टाक."

हाव म्हटलं. पुसलं नाही. उद्या गाड्या आल्या की सगळ्यायसमोर स्कॅनर चालवतो. त्या दाताशेजारी मालकाचाही पडंल. खरं लिहू? मले तो आवाज ऐकायचा हाय.